साबणातून उलगडलेली चरबी

वजन वाढलेल्या स्त्रीला पहिला सल्ला मिळतो तो तेल-तूप बंद करण्याचा. जणू सगळे स्निग्ध पदार्थ एकाच जातीचे! ते तसे नाहीत, हे दोनशे वर्षांपूर्वी प्रयोगाने दाखवले मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने.

शेव्ह्रल यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रान्समधील आंझे शहरात झाला. वडील डॉक्टर होते. बालपण राज्यक्रांतीच्या धामधुमीत गेले. सतराव्या वर्षी ते पॅरिसला आले आणि वोक्लँ या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. १८११ मध्ये त्यांनी डुकराच्या चरबीचा साबण तपासायला घेतला. त्यातून मोत्यासारखी चमक असलेला पदार्थ वेगळा निघाला आणि तो चक्क आम्ल होता.

या एका निरीक्षणामागे ते बारा वर्षे लागले. गाय, मेंढी, माणूस यांची चरबी, लोणी, सारे तपासले. चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांचा संयोग, हे त्यातून सिद्ध झाले. स्टिअरिक आम्ल घट्ट, ओलेइक आम्ल पातळ. यांच्या प्रमाणावर चरबी घट्ट की मऊ हे ठरते. १८२३ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या संशोधनातून पुढे धूर आणि दुर्गंधी नसलेल्या मेणबत्त्या घरोघरी आल्या.

पित्ताशयातील खड्यांमधल्या एका पदार्थाचा साबण होत नाही, म्हणजे ती साधी चरबी नव्हे, हेही त्यांनी ओळखले. ग्रीक भाषेतील पित्त आणि घन या शब्दांवरून त्यांनी त्याला नाव दिले. तेच आजचे कोलेस्टेरॉल. असे खडे आजही पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतात आणि लठ्ठपणात धोका आणखी वाढतो.

मेदाम्लांचा शरीरावरील परिणाम पुढच्या शतकात उलगडला. कोणत्याही मेदातून उष्मांक मिळतात ग्रॅममागे सुमारे ९. परिणाम मात्र वेगळे. लोणी, तूप, पाम तेल, खोबरेल यांतील संपृक्त मेदाने रक्तातील घातक कोलेस्टेरॉल (एलडीएल) वाढते. त्यांच्या जागी शेंगदाणा, करडई, मोहरी अशी असंपृक्त मेदाची तेले घेतल्यास ते उतरते. जास्तीचे खाणे संपृक्त मेदाचे असेल तर यकृतातही चरबी अधिक साठते. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद सर्वांत वाईट. भारतात २०२२ पासून त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे.

रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची चरबी पोटाकडे सरकते आणि एलडीएल वाढते. त्या वयात तर ही निवड फार महत्त्वाची ठरते. तूप सोडून बिस्किटे, मैदा, साखर वाढवली, तर मात्र फायदा नाही. ट्रायग्लिसराइड वाढण्याचीच शक्यता. चांगले तेलही मोजूनच हवे. चमचाभर (१५ मिली) तेलात सुमारे १२० उष्मांक असतात.

शेव्ह्रल यांनी पुढे रंगशास्त्रातही मोठे काम केले. वयाची शंभरी ओलांडून ९ एप्रिल १८८९ रोजी ते वारले. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचेही नाव आहे. स्वयंपाकघरात त्यांची आठवण ठेवायची, तर तेल किती याबरोबरच कोणते, हेही विचारावे.