उद्या हवा कशी असेल?

(हवामानाचा अंदाज आज घरोघरी पोहोचतो. अमेरिकेत हे काम दररोज व नियमितपणे सुरू करणारे शास्त्रज्ञ क्लीव्हलँड ॲबी यांचा परिचय या पाठात करून दिला आहे. चूक झाली म्हणून काम न सोडता ती चूक तपासून पुढे जाणे, हा त्यांच्या जीवनाचा विशेष होता.)

उद्या पाऊस पडेल का, हा प्रश्न आपण नेहमीच विचारतो. शेतकऱ्याला पेरणी करायची असते. कोळ्याला होडी समुद्रात न्यायची असते. कुणाच्या घरी लग्न असते. मग आपण रेडिओ लावतो, दूरदर्शनवरील बातम्या पाहतो किंवा मोबाइल उघडून हवामानाचा अंदाज वाचतो.

अंदाज हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचा आहे. अंदाज म्हणजे खात्री नव्हे. पण मनाला येईल ते सांगणे म्हणजेही अंदाज नव्हे. मोजलेल्या गोष्टींवरून हिशेब करून जो सांगितला जातो, तोच खरा अंदाज. हा फरक लोकांना पटवून देण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांपैकी एक म्हणजे क्लीव्हलँड ॲबी.

क्लीव्हलँड ॲबी यांचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. गणित आणि रसायनशास्त्र हे क्लीव्हलँड यांचे आवडते विषय. १८५७ साली शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली. पुढे मिशिगन राज्यात राहून त्यांनी खगोलशास्त्राचा अभ्यास केला.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. ॲबी सैन्यात भरती होण्यासाठी गेले. पण त्यांना दूरचे अंधूक दिसत असे, म्हणून सैन्याने त्यांना घेतले नाही. ते निराश झाले नाहीत. तारायंत्राच्या मदतीने निरनिराळ्या गावांचे रेखांश ठरवण्याचे काम त्या वेळी सुरू होते. त्या कामात ते रमले. दोन ठिकाणी एकाच क्षणी घेतलेल्या नोंदी तारेने जोडल्या, तर किती मोठे ज्ञान हाती येते, हे त्यांना येथे उमगले. नंतर १८६५ व १८६६ या वर्षांत ते रशियातील पुल्कोवा येथील प्रसिद्ध वेधशाळेत शिकण्यासाठी राहिले.

१८६८ साली ॲबी सिनसिनाटी शहरातील वेधशाळेचे प्रमुख झाले. वेधशाळेची स्थिती चांगली नव्हती. पैसा अपुरा होता. कारखान्यांच्या धुराने आकाश धूसर झाले होते. तारे पाहणे कठीण झाले, तेव्हा ॲबींनी ताऱ्यांच्या खाली असलेल्या हवेकडे लक्ष वळवले.

अमेरिकेत वादळे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. वादळापेक्षा तार पुष्कळ वेगाने धावते. मग पश्चिमेकडील गावांतून हवेचा दाब, तापमान, वारा आणि पाऊस यांची माहिती तारेने आली, तर पूर्वेकडील लोकांना आधीच सावध करता येईल, असा विचार ॲबींनी केला. ही योजना त्यांनी शहरातील व्यापारी मंडळापुढे मांडली. मंडळाने तीन महिन्यांपुरती मदत देण्याचे मान्य केले. १ सप्टेंबर १८६९ रोजी त्यांचे पहिले हवामानपत्रक निघाले. सुरुवात अगदी लहान होती. फार थोड्या ठिकाणांहून माहिती आली होती. तरी हे काम आता देश बंद पडू देणार नाही, असा विश्वास त्यांनी वडिलांना पाठवलेल्या पत्रात व्यक्त केला.

तो विश्वास खरा ठरला. ९ फेब्रुवारी १८७० रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी राष्ट्रीय हवामान सेवेच्या ठरावावर सही केली. हे काम लष्कराच्या संदेश खात्याकडे सोपवण्यात आले. १ नोव्हेंबर १८७० रोजी २४ ठिकाणी एकाच वेळी हवेच्या नोंदी घेण्यात आल्या. पुढे जानेवारी १८७१ मध्ये ॲबींना वॉशिंग्टनला बोलावून घेतले गेले आणि त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला त्यांनी आपला पहिला सरकारी अंदाज दिला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ साली असे अंदाज वर्तमानपत्रातून देण्यास सुरुवात केली होती. परंतु अमेरिकेत हे काम नवेच होते.

आता दिवसातून तीन वेळा अंदाज तयार होऊ लागले. ॲबी नकाशासमोर बसत, तारेने आलेले आकडे पाहत आणि पुढच्या काही तासांत कोणत्या भागात काय होण्याचा संभव आहे, ते सांगत. या पत्रकांना त्यांनी भविष्य म्हटले नाही. त्यांना संभव असे नाव दिले होते. त्यामुळे लोक ॲबींना प्रेमाने ‘संभव सांगणारे म्हातारबाबा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखू लागले. खरे तर तेव्हा त्यांचे वय जेमतेम ३२ वर्षांचे होते!

अंदाज देऊन ॲबी मोकळे होत नसत. काल सांगितलेले आज खरे ठरले की नाही, याची रोज तपासणी होई. पहिल्या वर्षी सुमारे ६९ टक्के अंदाज खरे ठरले. उरलेले ३१ टक्के चुकले, हे त्यांच्या खात्याने वार्षिक अहवालात स्पष्टपणे लिहिले. आपली चूक स्वतः मोजून जगाला सांगण्यास धैर्य लागते.

काम वाढले तशी एक विचित्र अडचण पुढे आली. त्या काळात अमेरिकेतील प्रत्येक गावाचे घड्याळ वेगळे असे. १८७४ साली आकाशात दिसलेल्या ध्रुवीय प्रकाशाच्या नोंदी ठिकठिकाणांहून आल्या. पण प्रत्येकाने आपापल्या गावची वेळ लिहिली होती. त्या नोंदींचा मेळ बसेना. मग सर्व देशासाठी प्रमाणवेळ असावी, याचा पाठपुरावा ॲबींनी सुरू केला. १८७९ साली त्यांनी याविषयी अहवाल लिहिला. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ स्वीकारली. १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ॲबी अमेरिकेचे एक प्रतिनिधी होते.

१८८८ हे वर्ष मात्र हवामान खात्याची कठोर परीक्षा घेणारे ठरले.

त्या वर्षी १२ जानेवारीला अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट प्रदेशात सकाळी हवा उबदार होती. बरेच दिवस कडाक्याची थंडी पडली होती. त्यामुळे ती सकाळ सर्वांना सुखाची वाटली. अनेक मुले जाड कपडे न घालताच शाळेत गेली. दिवस वर आला आणि अचानक बर्फाची पांढरी भिंत चालून यावी, तसे तुफान आले. हात पुढे केला तरी दिसेना. शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुले वाट चुकली आणि गारठून मरण पावली. या तुफानात सुमारे २३५ माणसे दगावली, असे मानले जाते. नेब्रास्का राज्यातील एका लहानशा शाळेचे छप्पर उडून गेले. तेथील तरुण शिक्षिका मिनी फ्रीमन यांनी आपल्या सर्व विद्यार्थ्यांना एकत्र ठेवले आणि जवळच्या एका घरी सुखरूप पोहोचवले.

दोनच महिने गेले. मार्च महिना आला. वसंत ऋतू उंबरठ्यावर होता. शनिवारी, १० मार्चला न्यूयॉर्कमध्ये हवा सौम्य होती. हवामान खात्याचा अंदाजही शांत होता. आधी पाऊस पडेल, मग सोमवारी थंड वारा सुटेल आणि आकाश निवळेल, असे त्यात सांगितले होते. रविवारी पाऊस पडला. रात्री त्या पावसाचा बर्फ झाला. सोमवारी सकाळी लोकांनी दारे उघडली, तर रस्तेच दिसेनात! न्यूयॉर्कमध्ये सुमारे ५३ सेंटिमीटर बर्फ पडला. आसपासच्या राज्यांत काही ठिकाणी तो एक मीटरहून अधिक होता. वाऱ्याने त्याचे उंच ढीग रचले. आगगाड्या जागच्या जागी अडकल्या. तारा तुटल्या. ज्या तारायंत्राच्या आधारावर अंदाज दिले जात, ते तारायंत्रच मुके झाले. या संकटात ४०० हून अधिक माणसे मरण पावली. त्यांपैकी सुमारे २०० एकट्या न्यूयॉर्कमधील होती.

अंदाज का चुकला? वादळाचे केंद्र समुद्रकिनाऱ्याजवळ आले आणि तेथेच रेंगाळले. उत्तरेकडील अतिशय थंड हवा त्यात ओढली गेली. खात्याची केंद्रे जमिनीवर होती. समुद्रावर काय चालले आहे, हे सांगणारी तार नव्हती आणि बिनतारी यंत्राचा शोध लागायचा होता. जेथून माहिती येत नव्हती, तेथूनच संकट आले.

या वेळी खात्यात अंदाज लिहिण्याचे काम करणारे इतर अधिकारी होते. ॲबींचे लक्ष अभ्यास व संशोधन यांकडे वळलेले होते. केवळ जुन्या नकाशांशी तुलना करून काम भागणार नाही. हवा का वाहते, का तापते, का थंड होते, यांचे नियम गणिताने मांडले पाहिजेत, हे त्यांचे मत होते. १९०१ साली त्यांनी याविषयी एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. हवेची आजची स्थिती माहीत असेल, तर भौतिकशास्त्राच्या नियमांनी तिची पुढची स्थिती काढता येईल, हा त्या लेखाचा गाभा होता. तेवढी मोठी गणिते करणारी यंत्रे तेव्हा नव्हती. १९५० साली संगणकावर पहिल्यांदा असा हिशेब यशस्वी झाला. ते पाहण्यास ॲबी हयात नव्हते.

शब्दांच्या बाबतीतही शास्त्राला काटेकोर व्हावे लागले. अशा तुफानाला इंग्रजीत ‘ब्लिझर्ड’ म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ जोराचा तडाखा असा होता. १८७० साली आयोवा राज्यातील एका वृत्तपत्राने तो बर्फाच्या वादळासाठी वापरला आणि पुढे तो रूढ झाला. पण खूप बर्फ पडला की ब्लिझर्ड झाले, असे मात्र नाही. आज अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा तीन गोष्टी पाहते. वाऱ्याचा वेग, किंवा वारंवार येणाऱ्या झोतांचा वेग, ताशी सुमारे ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त हवा. उडणाऱ्या बर्फामुळे सुमारे ४०० मीटरपलीकडचे दिसत नसले पाहिजे. आणि ही स्थिती निदान तीन तास टिकली पाहिजे. कॅनडात वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटर आणि कालावधी चार तास धरतात.

या व्याख्येत किती बर्फ पडावा, हे सांगितलेलेच नाही. आकाशातून एक कणही न पडता, जमिनीवरचा बर्फ वाऱ्याने उडूनही ब्लिझर्ड होऊ शकते. उलट, वारा नसताना कितीही बर्फ पडला, तरी ते ब्लिझर्ड नव्हे. माणसाचा घात बर्फाच्या ढिगापेक्षा न दिसणाऱ्या वाटेमुळे अधिक होतो. म्हणून व्याख्येत वारा, दृष्टी आणि वेळ यांना महत्त्व दिले आहे. शब्दाचा अर्थ असा नेमका ठरला, की इशारा ऐकणाऱ्यालाही नेमके काय करायचे ते कळते : घराबाहेर पडायचे नाही.

१८९१ साली हवामान सेवा लष्कराकडून मुलकी खात्याकडे आली. ॲबी तेथेच काम करीत राहिले. हवामानशास्त्राच्या एका मासिकाचे संपादन त्यांनी अनेक वर्षे केले आणि तरुण अभ्यासकांना वाट दाखवली. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या देशातही १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. आपल्याकडे पावसाचा आणि चक्रीवादळांचा अंदाज महत्त्वाचा असतो. आज उपग्रह समुद्रावरचे ढगही दाखवतात. तरीही अंदाज कधीकधी चुकतो. तेव्हा आपण हसतो. अशा वेळी ॲबींची आठवण ठेवावी. जे ठाऊक आहे ते मोजून सांगणे, जे ठाऊक नाही ते मान्य करणे आणि चूक झाली तर ती लपवण्याऐवजी तिच्यापासून शिकणे, हाच ज्ञानाचा मार्ग आहे. ज्या माणसाला दूरचे नीट दिसत नव्हते, त्याने याच मार्गाने लाखो लोकांना उद्याचा दिवस पाहायला शिकवले.

शब्दार्थ
यादवी युद्ध – एकाच देशातील लोकांचे आपसांतील युद्ध.
वेधशाळा – आकाशाचे किंवा हवेचे निरीक्षण करण्याची जागा.
संभव – शक्यता.
पाठपुरावा करणे – काम पूर्ण होईपर्यंत प्रयत्न करीत राहणे.
मेळ बसणे – जुळणे.
मुलकी – लष्करी नसलेले.
हयात – जिवंत.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सैन्याने ॲबींना का घेतले नाही?
(आ) ॲबींचे पहिले हवामानपत्रक केव्हा निघाले?
(इ) मिनी फ्रीमन यांनी काय केले?
२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मार्च १८८८ चा अंदाज का चुकला?
(आ) ब्लिझर्ड कशाला म्हणतात? त्याच्या तीन अटी लिहा.
३. वाक्यांत उपयोग करा : मेळ बसणे, उंबरठ्यावर असणे, पाठपुरावा करणे.
४. अंदाज, हवा, बर्फ, तुफान हे शब्द उर्दूत आणि मराठीत कोणत्या अर्थांनी वापरतात, ते लिहा.
५. उपक्रम : सात दिवस हवामानाचा अंदाज वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी तो खरा ठरला की चुकला, याची नोंद करा.