वसंतराव देशपांडे

वसंतराव देशपांडे (२ मे १९२०, मूर्तिजापूर – ३० जुलै १९८३, पुणे) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीत व नाट्यसंगीत गाणारे मराठी गायक आणि नट होते. कट्यार काळजात घुसली या संगीत नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेमुळे ते महाराष्ट्रभर सर्वपरिचित झाले. त्या वेळी त्यांचे वय ४७ वर्षांचे होते. तोपर्यंतच्या काळात त्यांनी अनेक गुरूंकडे शिक्षण घेतले आणि लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली.

बालपण आणि नागपूरमधील शिक्षण

वसंतरावांचा जन्म तत्कालीन वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर येथे झाला. त्यांच्या आई राधाबाई यांनी त्यांना नागपुरात वाढवले. नागपुरात त्यांचे संगीतशिक्षण शंकरराव सप्रे यांच्याकडे सुरू झाले. सप्रे हे विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतील शिक्षक होते. पुढे संगीतकार म्हणून प्रसिद्धीस आलेले सी. रामचंद्र हेही याच काळात सप्रे यांच्याकडे शिकत होते. ग्वाल्हेर गायकीची शिस्त वसंतरावांना येथेच मिळाली.

चित्रपटात प्रवेश

भालजी पेंढारकर यांनी कालिया मर्दन (१९३५) या चित्रपटात त्यांना श्रीकृष्णाची भूमिका दिली. बोलपटांच्या त्या आरंभीच्या वर्षांत पार्श्वगायन रूढ झालेले नव्हते, त्यामुळे गाऊ शकणाऱ्या नटांना मोठी मागणी असे. तरीही या भूमिकेतून वसंतरावांची चित्रपटसृष्टीत कायमची सोय झाली नाही. मात्र मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या आक्रमक, तानप्रधान गायनाचा जो ठसा लहान वयात त्यांच्या मनावर उमटला, तो त्यांच्या नाट्यगीतांत अखेरपर्यंत जाणवत राहिला.

लाहोर आणि मारवा

तरुणपणी वसंतराव लाहोर येथे मामांकडे राहिले. तेथे असद अली खाँ यांनी त्यांना कित्येक महिने केवळ मारवा हा एकच राग शिकवला. या रागात पंचम वर्ज्य असून ऋषभ कोमल व मध्यम तीव्र असतो. ऋषभ आणि धैवत यांवर भर राहतो, तर षड्जावर विसावा क्वचितच घेतला जातो. सूर स्थिर ठेवण्याची कसोटी पाहणारा हा राग पुढे वसंतरावांच्या मैफलींचे वैशिष्ट्य ठरला.

पुणे, नोकरी आणि मैफली

१९४० च्या दशकात वसंतराव पुण्यास आले आणि लष्करी हिशेब खात्यात कारकून म्हणून काम करू लागले. पुण्यात त्यांना किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने यांचे मार्गदर्शन लाभले. भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ व अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही त्यांनी विद्या मिळवली. दिवसा कचेरी आणि त्यानंतर रियाझ व मैफली असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला. मध्यंतरी नेफा या ईशान्य सीमावर्ती प्रदेशात बदली झाल्याने पुण्यातील संगीतवर्तुळाशी त्यांचा संपर्क काही काळ तुटला. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे स्नेही त्यांच्या गाण्याचे चाहते होते. तथापि, कोणत्याही एका घराण्याची चौकट न मानणारी त्यांची गायकी परंपरानिष्ठ श्रोत्यांना सहज पचणारी नव्हती. ग्वाल्हेर, किराणा, भेंडीबाजार आणि पंजाबी ढंग यांचे मिश्रण आज त्यांचे बलस्थान मानले जाते; त्या काळी मात्र त्यामुळेच त्यांना कोणत्याही घराण्याचे गायक म्हणून मान्यता मिळणे अवघड होते.

कट्यार काळजात घुसली

२४ डिसेंबर १९६७ रोजी या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर यांची नाट्यविषयक कारकीर्दही नागपुरातच घडली होती. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते. दोन घराण्यांतील संघर्षावर आधारलेल्या या नाटकात खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतरावांनी केली. अनेक गुरूंकडून मिळालेले जे गाणे एका घराण्यात बसत नव्हते, त्याला या भूमिकेत मोठा वाव मिळाला.

सन्मान आणि स्मृती

१९८२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. पुढील वर्षी पुणे येथे त्यांचे निधन झाले. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. नातू राहुल देशपांडे हेही गायक असून, वसंतरावांच्या जीवनावरील मी वसंतराव (२०२२) या चित्रपटात त्यांनी आजोबांची भूमिका केली.