कान्होजी आंग्रे

कान्होजी तुकोजी आंग्रे (जन्म : सुमारे इ.स. १६६९, मृत्यू : ४ जुलै, इ.स. १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल होते. कोकण किनाऱ्यालगतच्या समुद्रात ये-जा करणाऱ्या जहाजांवर नजर ठेवण्याचा, ती थांबविण्याचा व त्यांचा परवाना तपासण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर इंग्रज, पोर्तुगीज, डच व जंजिऱ्याचे सिद्दी यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ संघर्ष झाला.

पूर्वायुष्य

घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळील आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी सुवर्णदुर्गावर शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. सिद्दीच्या हल्ल्यात सुवर्णदुर्ग राखल्यामुळे कान्होजी पुढे आले आणि सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर १६९८ मध्ये त्यांच्याकडे सरखेलपद आले.

दस्तकाचा वाद

पश्चिम समुद्रात परवान्याची प्रथा पोर्तुगीजांनी आणली. त्यांचा 'कार्ताझ' नसलेले जहाज ते जप्त करीत. कान्होजींनी मराठा राज्याच्या वतीने दस्तक देण्यास सुरुवात केली. मुंबईकर इंग्रजांनी हा अधिकार मानला नाही, मात्र स्वतःचे परवाने ते देतच होते.

नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजींच्या गलबतांनी मुंबईच्या गव्हर्नरचे सशस्त्र जहाज पकडले. त्या लढाईत कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख मारला गेला व त्याची पत्नी कैद झाली. ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिला पुढील वर्षी सोडण्यात आले. १७१३ मध्ये झालेल्या करारानुसार कंपनीची जहाजे न अडविण्याचे ठरले. परंतु स्थानिक व्यापाऱ्यांचा माल कंपनीच्या निशाणाखाली गेला तर त्यास ही सूट लागू होते का, हा प्रश्न शिल्लक राहिला. कान्होजींच्या मते ती सूट केवळ कंपनीच्या मालापुरती होती. इंग्रजांच्या मते निशाण पुरेसे होते. पुढील बहुतेक भांडणे या एका मुद्द्यावरून उद्भवली. यात व्यापाऱ्यांची अवस्था मात्र बिकट होती. एकाच सफरीसाठी दोन-तीन सत्तांचे परवाने घेण्याची पाळी त्यांच्यावर येई.

या अधिकाराची अंमलबजावणी किल्ल्यांवरून होत असे. कुलाबा, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग हे मुख्य तळ होते, तर खांदेरी बेटावरून मुंबई बंदराच्या तोंडाशी येणारे प्रत्येक शीड दिसे. समोरचे उंदेरी सिद्दीकडे असल्याने दोन्ही बेटांवरून परस्परांची टेहळणी अखंड चाले. जहाज दिसताच वल्ह्यांची गलबते त्याच्याकडे धाव घेत आणि तोफांच्या गुराबा मागून येत. वारा पडला की युरोपीय बनावटीची जड जहाजे जागीच खोळंबत व वल्ह्यांच्या गलबतांचे फावे.

सातारा दरबार आणि घाटवाटा

शाहू महाराज व ताराबाई यांच्या वादात कान्होजी प्रथम ताराबाईंच्या बाजूस होते. शाहूंनी पाठविलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केले. नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी १७१४ मध्ये तह घडवून आणला. त्यानुसार कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले व त्यांचे सरखेलपद कायम राहिले. दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. साताऱ्याच्या दृष्टीने हा तह महत्त्वाचा होता, कारण देशावरील मालाला समुद्र गाठण्यासाठी घाट उतरावे लागत. कराडहून पाटण, हेळवाक व कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणारी वाट त्यांपैकीच एक. तिच्या शेवटी वाशिष्ठीची खाडी व दाभोळ बंदर येते. परंतु खाडीच्या मुखावरील अंजनवेलचा किल्ला त्या काळात सिद्दीच्या ताब्यात होता.

इंग्रज मोहिमा

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर व १७१८ मध्ये खांदेरीवर आरमार धाडले. दोन्ही मोहिमा फसल्या. १७२० मध्ये विजयदुर्गासाठी खास बांधलेला तरंगता तोफखानाही निरुपयोगी ठरला. १७२१ अखेर इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. इंग्लंडच्या शाही आरमाराची जहाजेही तीत होती. बाजीराव पेशवे मदतीस आले आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूस ठेवून वेगळा तह केला. १७२४ मधील डचांचा विजयदुर्गावरील हल्लाही अयशस्वी झाला.

मूल्यमापन

तत्कालीन इंग्रजी लिखाणात कान्होजींना चाचे म्हटले आहे. हे विशेषण त्यांचा परवाना देण्याचा अधिकार नाकारल्यावरच लागू पडते. छत्रपतींच्या नेमणुकीने काम करणारा अधिकारी त्या व्याख्येत बसत नाही. लूट व खंडणी झाली हे खरे, परंतु परवाना नसलेली जहाजे इंग्रज व पोर्तुगीजही धरीत.

किनारी राज्याचा समुद्रावरील अधिकार कोठवर, हा वाद आजही मिटलेला नाही. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र मान्य केले. मात्र तेथे परकीय नौदलाच्या हालचालींना किनारी देशाची संमती लागते का, याबाबत देशांत मतभेद आहेत. १९९५ मध्ये करारास मान्यता देताना भारताने संमतीविना लष्करी कवायती अमान्य असल्याचे जाहीर केले. अमेरिकेला हे मान्य नाही. ७ एप्रिल २०२१ रोजी तिच्या युद्धनौकेने लक्षद्वीपच्या पश्चिमेस पूर्वसंमतीविना संचार केला व भारताने आक्षेप नोंदविला.

मृत्यू व स्मृती

कान्होजींची समाधी अलिबाग येथे आहे. त्यांच्यानंतर मुलांत दुही माजली. १७५६ मध्ये इंग्रज व पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग घेतला आणि तेथील आरमार जळून गेले. भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळास १९५१ मध्ये 'आयएनएस आंग्रे' हे नाव देण्यात आले. खांदेरीवरील १८६७ चे दीपगृहही आता कान्होजींच्या नावाने ओळखले जाते.