स्वामी कुवलयानंद

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरोंदा हे गाव तेरेखोल खाडीच्या काठी वसलेले आहे. पैलतीरी गोव्याचा पेडणे तालुका लागतो. आषाढात खाडी फुगली, वारा सुटला आणि होडी हेलकावे खाऊ लागली, म्हणजे आत बसलेल्या उतारूची काय अवस्था होते? छाती धडधडते, श्वास जलद होतो, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो. होडी काठाला लागली, की थोड्याच वेळात सारे पूर्ववत् होते. संकटाशी झुंजण्यासाठी शरीराने केलेली ती तयारीच असते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून एक द्रव रक्तात मिसळतो व तो हृदयाला आणि स्नायूंना सावध करतो, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी उलगडून दाखविले.

परंतु काही माणसांची होडी काठाला लागतच नाही. कर्जाची, आजाराची वा घरातील कलहाची चिंता त्यांना दिवसरात्र ग्रासून असते. मग जी तयारी रक्षणासाठी, तीच शरीराला जाचू लागते. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखविले, की आघात कोणत्याही प्रकारचा असो, शरीरात होणारे बिघाड पुष्कळसे सारखेच असतात. जठरात व्रण पडणे हा त्यांतलाच एक. मनावरील ताण व शरीराचे आरोग्य यांच्या संबंधाचे शास्त्र यातूनच पुढे वाढीस लागले.

शरीर असे खवळते कसे, हे पाश्चात्त्य शास्त्रज्ञ शोधीत होते. ते शांत कसे होते, याचा शोध एका मराठी माणसाने त्याआधीच लोणावळ्यास आरंभिला होता. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. स्वामी कुवलयानंद या नावाने ते पुढे प्रसिद्धीस आले.

जगन्नाथ गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी फार कष्ट उपसावे लागले. तथापि १९०३ साली प्रवेशपरीक्षेत संस्कृत विषयाची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी व्यायामविद्येचे शिक्षण घेतले. लोकमान्य टिळकांच्या चळवळीचाही त्यांच्या मनावर मोठा प्रभाव होता. देशातील तरुण सशक्त आणि सुशिक्षित झाला पाहिजे, या ध्येयाने ते खानदेशात अमळनेर येथे अध्यापन करू लागले व तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

याच सुमारास, १९१९ साली, नर्मदेच्या तीरावरील मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याशी त्यांची भेट झाली. गुरूंजवळ ते योगाच्या क्रिया शिकले. शिष्याची श्रद्धा गाढ होती. परंतु बुद्धी चिकित्सक होती. एखादी क्रिया हितकर आहे असे ग्रंथात लिहिले आहे, एवढ्याने त्यांचे समाधान होईना. ती करताना शरीरात नेमके काय घडते, हे डोळ्यांनी पाहावे असे त्यांना वाटू लागले. म्हणून १९२०-२१ मध्ये आपल्या काही विद्यार्थ्यांसह त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान व नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब घटून अंशतः पोकळी निर्माण होते, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. ज्या विद्येभोवती शतकानुशतके गूढतेचे वलय होते, तिच्याविषयी आता दाबमापकावरील आकड्यांत बोलता येऊ लागले!

१९२३ साली अमळनेरचे राष्ट्रीय महाविद्यालय बंद पडले. तेथील राष्ट्रीय वृत्ती इंग्रज सरकारला सलत होती. हातचे कार्य असे सुटले. दुसरा एखादा खचून गेला असता. गुणे यांनी मात्र पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रम स्थापन केला. आश्रमात ध्यानधारणा होती, तशी प्रयोगशाळाही होती. 'योगमीमांसा' हे त्रैमासिक त्याच वर्षी निघाले आणि प्रयोगांचे निष्कर्ष त्यातून प्रसिद्ध होऊ लागले. १९२६ मधील अंकांत आसने करताना रक्तदाबात कसा फरक पडतो, याची मोजमापे आढळतात.

प्राणायामाने शरीरास अधिक प्राणवायू मिळतो, म्हणून तो हितकारक, अशी सर्वत्र समजूत होती. ती मान्य करणे स्वामींना सोयीचे होते, कारण तिने योगाचा गौरवच होत होता. परंतु श्वासोच्छ्वासातील वायूंचे मापन करून पाहिल्यावर, प्राणायामाचे खरे महत्त्व तेथे नाही, असे मत त्यांनी निःसंकोचपणे मांडले. श्वसनाच्या अवयवांना व मज्जासंस्थेला लागणारे वळण त्यांना अधिक मोलाचे वाटे. हृदयाचे ठोके आपल्या इच्छेने थांबत नाहीत की अन्नाचे पचन आज्ञेने होत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि इच्छेनेही आवरता येतो. दीर्घ व सावकाश श्वसनाने हृदयाची गती मंदावते, हे नंतरच्या संशोधनानेही दाखविले आहे.

१९२७ साली रक्तदाब वाढून महात्मा गांधींची प्रकृती बिघडली, तेव्हा त्यांनी आसनांविषयी स्वामींचा सल्ला घेतला. लोणावळ्याची कीर्ती परदेशीही पोहोचली. १९५७ साली अमेरिकेतील विद्यापीठांतून वेंगर आणि बागची हे दोघे संशोधक आपली यंत्रे घेऊन भारतात आले. योगाभ्यासी लोकांच्या हृदयाचे व श्वसनाचे त्यांनी आलेख घेतले. इच्छेने हृदय बंद करतो असे सांगणाऱ्यांची नाडी लागेनाशी झाली, तरी आलेखावर हृदय चालूच असल्याचे दिसले. मोजमापाचा आग्रह स्वतः स्वामींनीच धरला होता; त्यांच्या आश्रमाची दारे या पाहुण्यांना मोकळी होती.

१९६१ साली आश्रमात योगोपचारांचे रुग्णालय सुरू झाले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामींचे निधन झाले. त्यांच्या पश्चात लोणावळ्याची प्रयोगशाळा चालू राहिली आणि 'योगमीमांसा'चे अंकही निघत राहिले.