पवळाबाईंच्या अदांवर कोणाची नाममुद्रा?

आपल्या भंडारा जिल्ह्यात दंडार, खडी गंमत पाहत मोठे झालेल्यांना नाच्या ठाऊक आहे. लुगडे नेसून, पायात चाळ बांधून पुरुषच बाई व्हायचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या तमाशातही तीच रीत होती. तिथे या नाच्या पोऱ्याच्या जागी उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाई हिवरगावकर यांचे नाव घेतले जाते.

१८७० साली संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथे, भालेराव या महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांना जेजुरीच्या खंडोबाला मुरळी म्हणून सोडले होते. देवाच्या नावाने पोर सोडायची आणि पुढे तिच्या नाचण्यावरून तिलाच हिणवायचे, असा तो न्याय.

पुढे त्या पठ्ठे बापूरावांच्या फडात आल्या. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. ब्राह्मण असून तमाशात गेले म्हणून जातीने त्यांना दूर लोटले. ही जोडी मुंबईच्या गिरणगावापर्यंत गाजली. लोक तिकीट काढून गर्दी करत, ती बापूरावांच्या शब्दांसाठी आणि तितकीच पवळाबाईंना पाहण्यासाठी.

लावणीच्या शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा असते. पण त्या लावणीतली नजर, मुरका, चाळांचा ठेका कोणी बसवला? आज ज्याला नृत्यदिग्दर्शन म्हणतात ते काम तमाशात नाचणारी बाईच करायची. तिच्याकडे बघून पुढच्या पोरी शिकायच्या; दुसरी शाळा नव्हती. त्या कामावर नाममुद्रा मात्र कोणाचीच पडली नाही. बापूरावांच्या लावण्या छापल्या गेल्या, पवळाबाईंच्या अदा त्यांच्याबरोबर गेल्या.

महाडच्या लढ्यासाठी बापूरावांनी तमाशाचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकिकत आपल्याकडे अभिमानाने सांगतात. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, ही त्यांची भूमिका होती. आम्हाला ती पटते. पण सांगणाऱ्याच्या बोलण्यात कधी कधी त्या स्त्रियांविषयीच तुच्छता डोकावते, ती बाबासाहेबांची नव्हे. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांची सभा भरली, तेव्हा ते स्वतः त्यांच्यासमोर उभे राहिले. हा धंदा सोडा, असे परखडपणे सांगितले. पण सांगितले ते आपल्या माणसांना सांगावे तसे.

पवळाबाई तेव्हा हयात होत्या. १९३९ साली त्या गेल्या, बापूराव १९४५ मध्ये. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंनी देव सोडले. त्यात मुरळी सोडवून घेणारा खंडोबाही गेला. तोवर पवळाबाईंना जाऊन १७ वर्षे झाली होती.