पळवणकर बाळू : कौशल्याला वाव, मानाला अटकाव

या घटकात आपण क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत. वाचताना एका प्रश्नाकडे लक्ष असू द्या : समाजाला एखाद्या माणसाचे कौशल्य हवे असते, परंतु त्याला अग्रस्थान देण्याची वेळ आली की समाज मागे का सरतो?

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील सैन्याच्या नोकरीत होते. त्यामुळे बाळूंची जडणघडण पुण्यात झाली. प्रारंभी त्यांनी एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रूळ फिरविण्याचे काम केले. पगार महिना ३ रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात त्यांना ४ रुपये मिळू लागले. तेथे सरावाच्या वेळी ते साहेबांना गोलंदाजी करीत. कॅप्टन ग्रेग यांच्यासारख्या निष्णात फलंदाजासमोर त्यांची डावखुरी मंदगती फिरकी घडत गेली. मात्र बॅट हाती घेण्याची संधी त्यांच्या वाट्याला येत नसे. फलंदाजी साहेबांची आणि श्रम नोकराचे, अशी तेथील विभागणी होती.

युरोपियनांना हरवण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या पुण्यातील हिंदू क्लबाला असा गोलंदाज हवाच होता. काही सदस्यांचा विरोध असूनही बाळूंना संघात घेण्यात आले. आता येथील विसंगती पाहा. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडूंच्या हातांतून फिरत असे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही निराळे असे.

१८९६ च्या प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले. तुमच्यापैकी जे बदलापूर, अंबरनाथ वा उल्हासनगरहून लोकलने मुंबईस जातात, त्यांच्या रोजच्या प्रवासाचा लोहमार्ग तेव्हाही पुण्याला मुंबईशी जोडत होता. शहर बदलले, तरी प्रश्न सुटला नाही. हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास प्रथम विरोधच झाला. पुढे १९०६ व १९०७ साली हिंदू संघाने युरोपियनांचा पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला.

याच काळात अमेरिकेतील मुष्टियुद्धाकडे दृष्टी टाकणे उद्बोधक ठरेल. हेवीवेट विजेता जॉन सुलिव्हन कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याशी लढण्यास नकार देई. त्यामुळे पीटर जॅक्सनसारख्या समर्थ मुष्टियोद्ध्याला विजेतेपदाची लढत कधीच मिळाली नाही. कृष्णवर्णीयांनी इतर लढती खेळण्यास हरकत नव्हती. सर्वोच्च किताब तेवढा राखून ठेवलेला होता. अखेर १९०८ साली सिडनी येथे जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवून ही भिंत ओलांडली. तथापि १९१५ मध्ये जॉन्सन पराभूत झाल्यानंतर १९३७ साली जो लुई विजेता होईपर्यंत कोणाही कृष्णवर्णीयाच्या हाती तो किताब आला नाही.

मुंबईतील असा राखीव किताब म्हणजे हिंदू संघाचे कर्णधारपद. १९१० नंतर बाळूंना ते मिळावे, ही मागणी वारंवार होऊनही मान्य झाली नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा त्यांचे बंधू शिवराम व विठ्ठल निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार करून परत घेण्यात आले आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ त्यांनी संघाचे नेतृत्व केले. पूर्ण मान मात्र १९२३ साली धाकट्या विठ्ठल यांना मिळाला. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना नमविले. तोवर बाळूंची उमेदीची वर्षे संपली होती.

पुढे बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. अस्पृश्यता सवर्णांचे मन वळवून दूर करावी की स्वतंत्र राजकीय बळ उभारून, हा त्या काळातील मूलभूत मतभेद या लढतीमागे होता. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

बाळूंना कर्णधारपद नाकारणाऱ्यांना त्यांच्या गुणांविषयी शंका नव्हती. त्या गुणांच्या आधारेच त्यांचा संघ जिंकत होता. हुकूम घेणाऱ्याने हुकूम द्यावा, हे त्यांना सहन होणारे नव्हते. भेदभाव ओळखताना कोणाला आत घेतले एवढेच पाहू नका. आत आल्यावर त्याला कोठवर जाऊ दिले, हेही पाहा.

स्वाध्याय : आपल्या कामाच्या ठिकाणी किंवा वस्तीत ज्यांचे श्रम सर्वांना हवे असतात, पण ज्यांना निर्णयात स्थान नसते, अशा एका समूहाचे निरीक्षण करा आणि बाळूंच्या चरित्राशी तुलना करून दहा ओळी लिहा.