पाटील महादजी शिंदे

मयूर विहारमधल्या आमच्या घराशेजारीच पटपडगंज आहे. १८०३ मध्ये तिथल्या लढाईत शिंद्यांची फौज हरली आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. त्याआधी ती राखली होती महादजी शिंदे यांनी.

पानिपतावर ते पायाने कायमचे अधू झाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचवले. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानून सरदार केले. मला हा भाग सर्वांत आवडतो.

१७८४ मध्ये बादशहा शाहआलमकडून ‘वकील-इ-मुतलक’ हा सर्वांत मोठा किताब त्यांनी मिळवला, तोही पेशव्यांच्या नावे. स्वतः फक्त नायब राहिले. पुढे किताब वंशपरंपरेचा झाला. १७९२ मध्ये पुण्यात थाटाचा दरबार भरवून त्यांनी तो सवाई माधवरावांना अर्पण केला. नाना फडणीसांना हे पसंत नव्हते. स्वतःला मात्र महादजी कण्हेरखेडच्या पिढीजात वतनावरून ‘पाटील’च म्हणवत. १७९४ मध्ये वानवडीला ते वारले. तिथेच त्यांची छत्री आहे.